खोप्याच्या फोटोसाठी मागं सरकताना

मित्रांनो, गोष्ट आज सकाळचीच आहे.

लोहाऱ्याजवळ एका शेताच्या बांधावर बाभळीला सुगरण पक्ष्याचे खोपे लटकलेले दिसले. एक नर खोपा विणत होता. तो अख्खा फ्रेममध्ये येईना, म्हणून कॅमेऱ्याला डोळा लावूनच मी मागं सरकू लागलो.

"ओ दादा, हलू नका! हाय तिथंच थांबा!"

सोयाबीन खुरपणाऱ्या एक मावशी ओरडल्या. मला वाटलं, साप! मी जागीच थांबलो. मावशी धावत आल्या आणि बॅगेचा पट्टा धरून त्यांनी मला पुढं ओढलं.

मग मी मागं बघितलं. वाढलेल्या गवतात बिनकठड्याची जुनी विहीर होती. मी आत्ता उभा होतो तिथली माती सुटून आत गेली. पाण्याचा आवाज यायला इतका वेळ लागला, की मी मटकन खालीच बसलो.

"लई खोल हाय," मावशी म्हणाल्या. "आमची म्हैस गेली हिच्यात."

घरी सांगायचा अजून धीर झालेला नाही.

तुम्हीही फोटो काढायला एकटेच जाता का? मावशी आज शेताच्या दुसऱ्या टोकाला खुरपत असत्या तर?