पांढरी दोन

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्या रागानं माझं स्वतःचं जे नुकसान झालं ते मी निस्तरलं. दादाचं जे केलं ते मात्र निस्तरता आलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आई-बाबांच्या मागं त्यानंच मला वाढवलं. खापरखेड्याच्या पॉवरहाऊसमध्ये तो फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी बेस गिटार वाजवायचा. रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं देश सोडून जाताना ती चार जाड तारांची गिटार त्याला देऊन टाकली होती. लोक विचारायचे, "हे काय वाजवतं गा तू? ऐकू तर काहीच येत नाई." दादा म्हणायचा, "मी थांबलो का समजते." आणि खरंच समजायचं. तो थांबला की तेच गाणं बिनमिठाच्या वरणासारखं लागायचं.

आमच्या जयंतीच्या गाण्यांना तोवर पेटी, ढोलक, बेंजो एवढंच असायचं. बेस दादानं आणला. दोन मात्रा दाबून वाजवायच्या, तिसरीला गप्प बसायचं आणि चौथीला गायकाच्या आधीच पुढच्या ओळीत पाय टाकायचा, ही त्याची चाल. पुढं कॅसेटा निघू लागल्या आणि नागपुरातल्या ज्या-त्या गाण्याच्या पार्टीचा बेसवाला तेच वाजवू लागला. लग्नाच्या बँडमधला मोठा भोंगासुद्धा तेच फुंकायचा. कॅसेटवर फोटो गायकाचा, नाव कवीचं, नाव ढोलकवाल्याचं. दादाचं नाव एकाही कॅसेटवर नाही. मी आदळआपट करायची. तो म्हणायचा, "जाऊ दे नं वं, वाजते तर मीच."

त्याचे कान टर्बाइननं खाल्ले. वर्षानुवर्षं त्या घरघरीत उभं राहायचं आणि कानात कापसाचे बोळे! बोळ्यांनी काय होते, माती? मला आधी कळलं. एकदा मी मागून हाक मारली, मग दुसरी मारली, मग चांगली सणसणीत शिवी घातली, तरी हा आपला भाकर खात बसलेला. समोर जाऊन विचारलं तर त्यानं माझा हातच धरला. म्हणाला, "कोणाले सांगू नको. तिथं मी नट आवळतो, कोणीबी आवळंन. पण हे वाजवणं गेलं का मी कोण?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. दादा वाजवायचा त्याच पार्टीत मी कोरसला होती, म्हणून आम्ही दोघांनी मिळून रस्ता काढला. ताल तो ढोलकवाल्याच्या हातावरून बघायचा. सूर लावताना गिटारचं टोक जबड्याला टेकवायचा, म्हणजे हाडातून कळायचं. अडचण फक्त पट्टीची. आमच्या गायकाची एक खोड होती. कोणत्या पट्टीत गायचं ते तो ऐन वेळी, गळा बघून ठरवायचा. "आज काळी दोन," असं पेटीवाल्याला म्हणायचा की लगेच सुरू. मग मी दादाकडं तोंड करून हात दाखवायची. मूठ म्हणजे काळी, पंजा म्हणजे पांढरी, आणि पुढं जितकी बोटं तितकी. डोक्यावरचा पदर सारखा करते आहे असंच सगळ्यांना वाटायचं. चार वर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

सीताबर्डीला एका दुकानाच्या माडीवर रेकॉर्डिंग व्हायचं. भिंतींना पोती ठोकलेली, आवाज नको म्हणून पंखा बंद, उन्हाळ्यात माणूस नुसता उकडून निघायचा. सगळ्यांनी एकदम वाजवायचं. एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून.

त्या रविवारी जिना चढता चढता गायक मला म्हणाला, "तुले एक कडवं एकटीले देणार होतो मी. तुह्या दादानंच नाई म्हटलं. तिले कोरसच बरं, म्हणे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. किती वर्षं मी मागं उभी राहून 'हो जी, हो जी' करत होती! एकटीनं गाणाऱ्या बाईचा माइक पुढं असायचा, दादाच्या कोपऱ्याकडं पाठ करून. मी तिथं गेली असती तर त्याला पट्टी कोणी दाखवली असती? इतकी साधी गोष्ट, पण रागात ती माझ्या टाळक्यात शिरलीच नाही. मला एवढंच दिसलं की सख्ख्या भावानं माझा गळा दाबला.

रिहर्सल काळी दोनमध्ये झाली. लाल दिवा लागायच्या आधी गायक खाकरला आणि म्हणाला, "गळा बसून राहिला. पांढरी दोन घे."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि भिंतीकडं बघत राहिली.

दादानं काळी दोन धरली. अर्ध्या सुराचा फरक, ऐकवेना. गायकानं थांबवलं. "कोण बेसूर हाय बे?" पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रेकॉर्डिंगवाला आत आला आणि दादाच्या पाठीमागं उभा राहून म्हणाला, "दादा, पांढरी दोन." दादा समोर बघत हसत होता. रेकॉर्डिंगवाल्यानं पुन्हा म्हटलं, जोरानं. दादा हसतच होता.

ढोलकवाल्यानं मान खाली घातली. दादानं सगळ्यांचे चेहरे बघितले, नेहमीसारख्या फडक्यानं तारा पुसल्या, गिटार पिशवीत घातली आणि जिना उतरून गेला. मला उठावंसं वाटलं, पण मी उठली नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुसरा बेसवाला आला आणि त्यानं सगळं दादाचंच वाजवलं. गायकानं मला कडवं दिलं, आणि मी गायली. थू माझ्या जिनगानीवर, पण गायली! कॅसेटवर बारीक अक्षरात माझं नावसुद्धा आलं.

घरी कॅसेट लावायला दादानंच सांगितलं. त्यानं स्वतः ठोकलेला लाकडी खोका होता, आत मोठा स्पीकर. खोक्यावर तळहात ठेवून तो डोळे मिटून बसला. बेस त्याला हातातून कळत होता, मान डोलत होती. थोड्या वेळानं त्यानं हात उचलला आणि म्हणाला, "मस्त म्हटलं वं पोरी. काय आवाज लावला!"

तेव्हा गायकच गात होता. माझं कडवं अजून यायचं होतं.

मला रडू फुटलं. मी त्याचा हात ओढून पुन्हा खोक्यावर ठेवला, दाबून धरला, आणि माझं कडवं आलं तेव्हा दुसऱ्या हातानं त्याला पंजा दाखवला. मग दोन बोटं.

त्यानं बोटांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता दाखवून राहिली काय वं," तो म्हणाला. कडवं संपेपर्यंत त्यानं हात खोक्यावरून काढला नाही.