आईचे केस

नवऱ्यानं सोडल्यावर मी बारामतीबाहेरच्या एका वृद्धाश्रमात कामाला लागले. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि सांभाळायला वीस-बावीस म्हातारी माणसं. गावात कुणी विचारलं की आई सांगायची, "माजी ल्येक दवाखान्यात हाय." लोक आईबापाला असं ठेवून जातात, हे सांगायची तिला लाज वाटायची.

पहिल्या वर्षी एक आबा गेले तेव्हा मला दोन दिवस घास उतरला नाही. देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या, "अशानं तू टिकायची नाहीस." मग मी टिकायचंच असं ठरवलं. चौथ्या वर्षापर्यंत कुणी गेलं की मी गादी उन्हात टाकायची, चादर भिजत घालायची आणि चहा प्यायला जायची. बाई नव्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण दिवसभर मी लोकांना अंघोळ घालायची, भरवायची, कुशीवर वळवायची. मला मात्र कुणी मायेनं हात लावून किती वर्षं झाली, ते आठवत नव्हतं. दार लावून खोलीत बसलं की फार एकटं वाटायचं. सांगणार कुणाला?

आमच्याकडे एक पद्धत होती. नवी आजी आली की पहिल्याच दिवशी तिचे केस बारीक कापायचे. उवा नकोत आणि विंचरण्यात वेळ जायला नको. ते काम माझ्याकडं, कारण माझा हात भराभर चालायचा. एका हातानं मान धरायची, "झालं हं आजी, झालं" म्हणायचं आणि उरकायचं.

एका उन्हाळ्यात गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवरून निरोप आला. आईची उजवी बाजू गेली होती. दोन दिवसांची रजा काढून मी इंदापूरच्या एसटीनं शेळगावला गेले. वडील माझीच वाट बघत थांबले होते. मी आल्यावर ते शेरडं घेऊन माळाला गेले.

आई बाजेवर पडून होती. मला बघून तिनं डावा हात पुढं केला. मी तो धरला आणि नाडी बघितली.

मग कामाला लागले. अंघोळ घातली, लुगडं बदललं, पाठीला जखम झालीय का ते पाहिलं. केसांत गुंता झाला होता. आईचे केस कमरेपर्यंत होते. आजारी पडेपर्यंत दर आठवड्याला तेल लावून ती स्वतः वेणी घालायची. मी फळीवरची कात्री घेतली, तिची मान धरली आणि म्हणाले, "झालं हं आजी, झालं." आजी म्हणाले, हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

दिवस मावळायच्या आत वडील आले. आईकडं बघून दारातच थांबले. "ह्ये काय केलंस पोरी? मी जित्ता हाय अजून." आमच्यात नवरा असताना बाईच्या केसांना कुणी कात्री लावत नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच घरात वाढले होते.

मी तोंडातल्या तोंडात गुंता, उवा असं काहीतरी म्हणाले. आईनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेतला. तिचं बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं.

"तिला बोलू नगा," ती वडिलांना म्हणाली. वडील शेरडं बांधायला गेले. मग तिनं मला जवळ बसवलं.

"तितल्या बायास्नी इचारतीस का गं, कापायच्या आदी?"

"न्हाय."

"मग काय म्हंत्यात त्या?"

"काय न्हाय. गप बसत्यात."

आईनं डोक्यावरचा पदर सावरला.

"मी बी गपच बसले व्हते," ती म्हणाली.