नवरदेव वरातीच्या मागे

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, अहेरी मुक्कामीच्या समस्त घोडदळ, पायदळ आणि तिरंदाजांच्या सर्वोच्च सल्लागार, अनेक किल्ल्यांच्या विजेत्या, तसेच आठवडी बाजारात मरळ मासे आणि झिंगे विकणाऱ्या शेवंताबाई यांचे नदीकाठच्या आपल्या गावी निधन झाले आहे. ज्यांच्या हाताखाली अजूनही सैन्य असेल, त्यांनी आजचा दिवस कोणावरही चाल करून जाऊ नये.

ही सूचना मी तीन आठवड्यांपूर्वी माझ्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर खरोखरच चिकटवणार होतो. बायकोने कागद हातातून काढून घेतला. म्हणाली, "माणूस गेलं तरी तुमचं नाटक काई सुटत नाई." तिचं बरोबर होतं. पण सकाळी दिवाकरचा फोन आला, तो "भाऊ, बाई गेली" एवढंच बोलला, आणि तेव्हापासून मला दुसरी भाषा सुचत नव्हती. रडणं मला नीट जमत नाही. घोषणा जमतात.

आज जिथे झेरॉक्सचं मशीन आहे, तिथे वीसेक वर्षांपूर्वी माझे पाच कॉम्प्युटर होते आणि बाहेर 'इंटरनेट कॅफे' अशी पाटी होती. कॅफे म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं. चहासुद्धा समोरच्या टपरीवरून यायचा. निकाल आणि फॉर्मचा हंगाम संपला की माझी यंत्रं रिकामी, आणि मग आम्ही त्यांच्यावर युद्धाचा एक खेळ खेळायचो. फोनच्या तारेवरून दुसऱ्या गावच्या माणसाशी लढायचं. आपलं गाव वसवायचं, लाकूड तोडायचं, शिपाई उभे करायचे आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. प्रत्येक सैन्यात एकच खास सरदार. घोड्यावर बसलेला, अंगाभोवती सोनेरी प्रकाश. तो जवळ उभा असला की साधे शिपाईही दुप्पट जोराने लढत. त्याच्याकडे एक मोठा वार असे, पण तो एकदा केला की पुन्हा करायला फार वेळ लागे. आणि सरदार मेला तर समोरच्याला मोठं बक्षीस, आपल्या सैन्याचे हातपाय गळालेले.

आम्ही त्याला कायम सगळ्यांच्या पुढे धाडायचो. त्याला कारण होतं. आमच्याकडे जंगलात जाताना वाट माहीत असलेला माणूस पुढे चालतो, बाकीचे त्याच्या पावलावर पाऊल ठेवतात. म्हणून सरदारही पुढे. तो पहिल्या पाच मिनिटांत मरे, आणि आम्ही सहाव्या मिनिटाला शेजाऱ्याला दोष देत बसू. इतक्या निष्ठेने हरणारी सेना सबंध जिल्ह्यात दुसरी नसेल.

शेवंताबाई बाजाराच्या दिवशी माझ्या छपरीच्या सावलीत टोपली मांडून बसायच्या. साठीच्या आसपासच्या, काळ्याभोर, डोक्यावर पदर, नजर अशी की गिऱ्हाईक मासा दाबून बघायच्या आधीच विचारात पडे. वाचता येत नव्हतं. एके दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर दिवाकरचा सरदार नेहमीप्रमाणे एकटाच दौडत निघाला होता. दिवाकर लाकूड डेपोत कारकून होता आणि आमच्यातला त्यातल्या त्यात बरा खेळाडू.

"हा घोड्यावरचा कोन होय रे?"

"सरदार हाय, बाई. सगळ्यात ताकदवान."

"मले तं नवरदेव दिसून राह्यला. नवरदेव वरातीच्या पुढं पयते का रे कुठी? नाचणारे पुढं रायतात. थो मंधात. त्याले पाहून बाकीचे नाचतात."

आम्ही हसलो. नवरदेव आमच्या हसण्याइतकाही वेळ न लावता मेला.

पुढच्या बाजारी त्या पुन्हा आल्या. एक पालथी बादली मागून घेतली आणि तिच्यावर बसल्या, कारण खुर्चीला माशाचा वास लागेल म्हणून त्या कधीही खुर्चीवर बसल्या नाहीत. आणि मग मंडळी, माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, सैनिकी विद्यापीठ सुरू झालं. तळ्यातली मासेमारी एवढा एकच अभ्यासक्रम. "पानी ढवळणारे येगळे अस्तेत," त्या म्हणायच्या, "आन जाळं फेकणारा येगळा. थो काठावर गुमान उभा रायते. सगळे वरडतात, फेक ना, फेक ना. थो नाई फेकत. मासोळी गोळा झाली का मंग एकदाच. वल्लं जाळं उचलाले टाइम लागते ना बाप्पा." सरदाराचा मोठा वार कधी करायचा, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पाच यंत्रं विकत घेऊनही जे कळलं नव्हतं, ते बादलीवर बसलेल्या बाईने सांगितलं.

आमची तार इतकी मंद होती की इथे हुकूम दिला की सरदार दोन श्वासांनी वळे. आम्ही तारेला शिव्या घालायचो. बाई म्हणाल्या, "नदीपल्याडच्या मानसाले हाक मारल्यावानी हाय हे. गरज पडाच्या आंधीच हाक माराची." तेव्हापासून आमचा सरदार मरेनासा झाला. आलापल्लीचे हरले, गडचिरोलीचे हरले. मी त्या काळात रस्त्याने चालताना मान किती वर ठेवायचो हे आठवलं तरी आज मान दुखते.

आणि त्याच गर्वात मी माती खाल्ली. माझ्या मेहुण्याचं चंद्रपुरात मोठं दुकान होतं. वीस कॉम्प्युटर, थंड हवेचं यंत्र, काचेचं दार. सासुरवाडीच्या एका बारशात, भरल्या पंगतीत, तो म्हणाला, "जावाईबापू, जंगलात बसून माकडाईले इंटरनेट शिकवता का? या इकडं, माह्या काउंटरवर बसा." मी म्हणालो, एक लढाई होऊन जाऊ दे. हरलो तर दुकानाला कुलूप लावून तुमच्या काउंटरवर बसतो. सासरे, सासू, वाढपी, सगळ्यांसमोर बोललो. बायकोने पंगतीतच माझ्याकडे जे पाहिलं, ते कोणत्याही मोठ्या वारापेक्षा मोठं होतं.

लढाई बाजाराच्या दिवशी दुपारी ठरली. त्या सकाळी मी शेवंताबाईंना सगळं सांगितलं. दुकान गेलं तर छपरीही जाईल, हेही सांगितलं. त्या खवले काढत होत्या. एक मासा संपवून त्यांनी दुसरा घेतला. मग एकदम नवऱ्याचं सांगू लागल्या. गावातला सगळ्यात पक्का नावाडी. पूर आला की पहिली हाक त्याला. एका वर्षी पलीकडे माणसं अडकली. त्याने डोंग्यातून एक खेप आणली, दुसरी आणली, तिसरी आणली. सगळा गाव काठावर. "त्याच्याशिवाय कोनाले जमत नाई म्हनून त्यालेच धाडे सगळे," बाई म्हणाल्या. "चौथ्या खेपेले त्याचे हात थरथरून राह्यले होते. कोनी बस नाई म्हनलं. ...मीबी नाई म्हनलं."

डोंगा सापडला. तो नाही. बाईंनी मासा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूचे खवले काढू लागल्या. मी चहा सांगितला.

दुपारी दिवाकर बसला. मी मोबाइल कानाला लावून मेहुण्याचे टोमणे ऐकत मागे उभा, बाई बादलीवर. चंद्रपूरचा सरदार चौथ्या मिनिटालाच आला. आमच्या झोपड्या पाडल्या, मोठा वार लाकडाच्या वखारीवर फुकट घालवला. आमचा नवरदेव गुमान मागे उभा. दिवाकरचं बोट माऊसवर चढलं. "थांब," बाई म्हणाल्या. चालून आलेले चंद्रपूरचे सगळे शिपाई लुटीसाठी एका जागी गोळा झाले. "थांब रे. ...फेक आता." एका वारात अर्धी फौज आणि त्यांचा सरदार आडवा. फोनमधला आवाज बंद झाला.

मग वरात निघाली. पायदळ पुढे, नवरदेव मधे. त्यांच्या किल्ल्याच्या भिंतीला आम्ही भिडलो, पण वरून बाण असे बरसले की सरदाराच्या डोक्यावरची प्राणाची हिरवी पट्टी लाल झाली, नखाएवढी उरली. भिंतही तेवढीच उरली होती. आणखी थोडा वेळ तो तिथेच थांबला असता, तर सरदार मेला असता पण किल्ला पडला असता. दुकान राहिलं असतं. मी ओरडलो, "मरू दे त्याले, दिवाकर, भिंत पाड."

"बोलाव त्याले मांगं," बाई म्हणाल्या.

"बाई, दोन घाव रायले," दिवाकर काकुळतीला आला. "खेळातला होय थो. भाऊचं दुकान जाईन ना."

बाई बादलीवरून उठल्या. यंत्राला कधी बोटही न लावणाऱ्या त्या बाईने आपला ओला हात माऊसवरच्या दिवाकरच्या हातावर ठेवला. दोघांच्या हातांनी हुकूम दिला. दोन श्वासांनी सरदार वळला. आणि मरणाऱ्या सरदाराचं बक्षीस दिसताच किल्ल्यातली सगळी फौज दार उघडून त्याच्या मागे धावली. भिंतीवर कोणी उरलं नाही. आमचे मागे राहिलेले कुऱ्हाडवाले शिपाई, ज्यांची नावंही आम्ही कधी ठेवली नव्हती, ते भिंत फोडत राहिले, आणि किल्ला पडला.

हा डाव मी पुढे पन्नास ठिकाणी सांगितला. बाईंनी सरदाराचं आमिष दाखवून फौज बाहेर काढली, असा. टाळ्या घेतल्या. खुद्द मेहुण्यालाही तसाच सांगितला आणि त्याने मान खाली घातली. बाईंनी मला एकदाही खोडून काढलं नाही. परवा अडगळ काढताना तो जुना माऊस सापडला. पुसायला उघडला, तर चाकाजवळ माशाचं एक खवलं चिकटलेलं होतं, वाळून काचेसारखं झालेलं. ते मी पुसलं नाही. पण त्याच्याकडे बघत खोटं बोलणं मला जमणार नाही. डाव-बिव काही नव्हता. किल्ला पडला तेव्हा आम्ही सगळे नाचत होतो, समोरच्या टपरीवाला नाचत होता, बाहेर टोपलीत मांजर शिरलं होतं. बाई पडलेल्या किल्ल्याकडे पाहतच नव्हत्या. त्या वाकून पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात पाहत होत्या. तिथे तो घोडेस्वार, नखाएवढा जीव घेऊन, बाणांतून हळूहळू आपल्या गावाकडे येत होता. तो आमच्या दारातून आत शिरला, आणि बाईंच्या तोंडून एकदम निघून गेलं, "आला... पाह्य ना दिवाकर, आला थो घरी."