गायकवाडकाकांचा सूर्य

रेडिओच्या नादात बोलणं कमी आणि वाट बघणं जास्त. आम्ही चारपाच हॅमवाले, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओवर जगभर गप्पा मारणारे, खोपोलीत गायकवाडकाकांच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. कुणी लागेपर्यंत करायचं काय? एकमेकांची खेचायची! त्यामुळे किस्से साठतच जातात, आणि त्यातले निम्मे काकांचेच.

काका मोहोपाड्याच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, मेंटेनन्सला होते. रोज सकाळी छोट्या दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडतात आणि त्यावरचे डाग बघतात. डाग वाढले की सूर्य खवळायची भीती, आणि सूर्य खवळला की रेडिओचं काही खरं नाही.

एकदा शेजारच्या सुमनवहिनी गच्चीवरच कुरडया वाळत घालत होत्या. काकांनी त्यांना कौतुकानं बोलावून डाग दाखवले. वहिनींनी पुठ्ठा बघितला, आभाळ बघितलं आणि गुपचूप कुरडया गोळा करायला लागल्या. "एवढे डाग हायत, म्हंजे ऊन कमीच पडनार की!" तेव्हापासून आळीतलं वाळवण काकांना विचारून पडतं.

*

मग ती माकडं. एका भर दुपारी रेडिओ ठप्प झाला. काकांना खात्री, घाटातून माकडं येऊन तार ओढून गेली असणार. रणरणत्या उन्हात त्यांनी अँटेनाची तार उतरवली, नवी चढवली, सगळे जोड पुन्हा केले. रेडिओ सुरू झाला तसे काका मिशीत हसले. संध्याकाळी मोबाईलवर बातमी, दुपारी सूर्यावर स्फोट झाला होता, आणि तसं झालं की पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूचा रेडिओ तासभर बसतोच. काकू म्हणाल्या, "बिघडला सूर्य, आन् ह्यांनी तार बदलली!"

पुढच्या वेळी काका शहाणे झाले. रेडिओ बसला तसं म्हणाले, सूर्य हाय, थांबा. आम्ही दोनदा चहा होईपर्यंत थांबलो. शेवटी काकू वाळलेले कपडे काढायला बाहेर गेल्या, तर कठड्यावर माकड आणि त्याच्या हातात आमची तार!

*

काकांचा रेडिओवरचा जिवलग म्हणजे ओलाव. नॉर्वेच्या पार उत्तरेला एकटा राहणारा म्हातारा. काका त्याला हवामान विचारायचे आणि काकू मागून ढोसायच्या, जेवला का विचारा. तो बिचारा दर वेळी काय जेवला ते सांगायचा.

तिकडे रात्री आकाशात हिरवे पडदे हलतात ना, उत्तरेचे दिवे म्हणतात त्यांना, ते ओलावनं बघता बघता आपल्याला सांगावं, असा काकांनी हट्ट धरला. काही केल्या जमेना. मग ओलावनंच समजावलं, सूर्याच्या ज्या वादळानं आकाश उजळतं तेच वादळ आपल्यामधला रेडिओ बंद पाडतं. काकांना फार लागलं ते. म्हणाले, "म्हंजे बगनारा सांगू शकनार नाय."

*

गेल्या हिवाळ्यात ओलाव म्हणाला, मुलगा न्यायला येतोय. दक्षिणेकडच्या शहरात, फ्लॅटमध्ये. तिथे अँटेना लावता येणार नाही. बायको होती तेव्हा दोघं अंगणात बसून ते दिवे बघायची, जायच्या आधी तेवढं एकदा बघायचं होतं. पण यंदा दिसेचनात.

काकांनी पुठ्ठ्याचा पिच्छाच पुरवला. मग एका दुपारी रेडिओ ठप्प. काकांनी आधी कठड्यावर माकड नाही ना, ते बघितलं. तारेला हात लावला नाही. संध्याकाळी ओलाव लागला तसं त्याला सांगितलं, सूर्यावर उठलेलं वादळ पोचायला दोन दिवस लागतात, परवा अंगणात बस. ओलाव म्हणाला, परवा माझी इथली शेवटची रात्र. दिवे नाही दिसले तर नेहमीच्या वेळेला बोलू.

परवाच्या त्या संध्याकाळी आम्ही सगळे हजर. तिकडे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. काका बटण फिरवत राहिले, नुसती खरखर. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि साधा निरोपही नाही, मला फार वाईट वाटलं. तार बघायला उठलो तर काकांनी मनगट धरून खाली बसवलं. त्यांचे डोळे भरले होते.

काकू दारात आल्या. "लागला का वो?"

"नाय."

काकू खाली गेल्या त्या पेढ्यांचा बॉक्स घेऊनच वर आल्या. सुमनवहिनीही मागोमाग. पेढा हातात घेऊन त्यांनी विचारलं, कशाबद्दल?

काका म्हणाले, "आज रेडिओ बंद हाय."