ढोलकीवाल्याचं नाट्यगृह

आमच्या घरचीच गायन पार्टी होती. ताई गायची, मी ढोलकीवर. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत कांजूरमार्गहून आम्ही कुठकुठे जायचो. गळा ताईचा, पण लोक उठून नाचतात ते माझ्या थापेवर, असा मला माज होता.

घाटकोपरच्या एका वस्तीत कार्यक्रम ऐन रंगात आला होता. शेजारच्या गल्लीतले काही जण स्टेजवर चढले.

"हे बंद कर. पिक्चरचं गाणं घे," एक जण ताईला म्हणाला.

"तुझ्या लग्नात गाईन. आता खाली उतर."

लोक हसले आणि तिथेच वाट लागली. त्याने माईक हिसकावून तिच्या तोंडावर हाणला. ताईच्या ओठांतून रक्त वाहताना दिसलं, तसा मी त्याच्या अंगावर गेलो. किती जण माझ्यावर तुटून पडले, ठाऊक नाही. मी खाली पडल्यावर कुणीतरी लोखंडी स्टँड माझ्या उजव्या हातावर घालतच राहिलं. हाडांचा आवाज आधी ऐकू आला. दुखणं मागाहून आलं.

हाताचं प्लास्टर निघालं, पण बोटं पूर्वीसारखी वळेनात. ताई वर्षभराने पुन्हा गायला लागली. तिच्यामागे दुसरा ढोलकीवाला बसलेला मला बघवेना, म्हणून मी कार्यक्रम लावायच्या कामाला लागलो. साऊंड, पोलीस परवानगी, कलाकारांचं जेवण. भांडणात मी कुणाला ऐकत नव्हतो आणि या धंद्यात तेच लागतं. पुढे मुलुंडकडच्या एका नाट्यगृहात चिकटलो आणि काही वर्षांत तिथला व्यवस्थापक झालो. केबिन मिळाली, लोक सर म्हणू लागले.

मग एका नाटकावरून धमक्या आल्या. त्यातलं एक वाक्य काढा, असं म्हणणं होतं. लिहिणारीच त्यात मुख्य काम करत होती. ती म्हणाली, "नाही काढणार." मी म्हटलं, "नको काढू."

दुपारच्या प्रयोगाआधी जमाव काचेचं दार फोडून आत घुसला. मी मेकअप रूमच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"बाहेर काढ तिला!"

"आधी माझ्याशी बोला."

बोलायला कोण आलं होतं? फोडलेल्या खुर्चीचा पाय माझ्या कपाळावर बसला. मारणाऱ्याचा चेहरा इतका जवळ होता की त्याचा श्वास लागत होता. मीही मारलं. डाव्या हाताने, जिथे लागेल तिथे, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. पोलीस आले तेव्हा मी त्याची कॉलर सोडत नव्हतो.

तिने दार उघडलं. माझा शर्ट रक्ताने भिजला होता. "करायचा ना रे प्रयोग?"

"लोक बसलेत. कर."

प्रयोग झाला. वाक्यासकट.

यंदा, ज्याची कॉलर मी सोडत नव्हतो, तोच माणूस माझ्या केबिनमध्ये आला. मुलीच्या नृत्याच्या क्लासच्या कार्यक्रमाला हॉल हवा होता. त्याने मला ओळखलं नाही.

"तुम्ही मला मारलंय," मी म्हटलं.

तो गोरामोरा झाला. "तेव्हा वरून सांगितलं होतं, साहेब. आपलं काही पर्सनल नव्हतं."

मी तारीख दिली. मुलगी सुरेख नाचली. तो पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होता, आणि विंगेत उभ्या उभ्या मला वाटत होतं, खाली उतरावं आणि त्याला धरून बडवावं. कार्यक्रम संपल्यावर मी पडदा पाडायला सांगितला आणि मागच्या दाराने घरी गेलो.