म्हातारबाची हजामत

आधी कबूल करा, हासणार नाई. नाई तं चहा प्या अन् सरळ घरी जा! कारण असा गाढवपणा अख्ख्या भद्रावतीत दुसऱ्या कोणी केला नसन.

झालं असं, शेजारच्या शबानाभाबी बहिणीच्या लग्नाले नागभीडले निघाल्या. त्याईच्या गच्चीवर जाड पानाच्या झाडाईच्या अन् निवडुंगाच्या कुंड्याच कुंड्या. जीव की प्राण! जाताना मले म्हणाल्या, "भाऊ, पाणी जास्त देऊ नका. फक्त पिठ्या ढेकणावर ध्यान ठेवा. कापसासारखं पांढरं दिसलं, का समजा कीड. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढा."

"बेफिकीर जा, भाबी!"

दुसऱ्या दिवशी पाहतो तं जेड नावाच्या झाडाच्या बेचक्यात पांढरा पुंजका. बोळा फिरवला. आत गुलाबी किडा, पाय हलवून राह्यला! मेला बिचारा. काय सांगू बापा, मले वाटलं आपण सर्जनच झालो!

मंग काय, जिकडंतिकडं पांढरंच दिसे. एका झाडाच्या पानाईवर पिठासारखा थर होता. पुसला. पानं कशी, घासल्या ताटावानी चकचकीत!

अन् कोपऱ्यात? एक उभा निवडुंग, बुडापासून शेंड्यापर्यंत कापसात बुडालेला! झाड दिसतच नाई!

माझी बायको सुनीता मागंच उभी होती. म्हणाली, "अहो, भाबीले फोन करून विचारा ना."

"लग्नघरी काऊन त्रास द्यायचा? इथी पेशंट मरून राह्यला!"

स्पिरिट लावलं, कापूस हालत नाई. चिमट्यानं ओढला, बोटाईत काटे घुसले. पण मी मागं हटतो का? माझं दाढीचं ट्रिमर आणलं, अन् सफाचट!

लगेच भाबीले फोटो. 'एकही पिठ्या वाचला नाई!'

तिकडून व्हिडिओ कॉल. मागं बँड वाजून राह्यला, अन् भाबी बँडच्याही वरतून, "या अल्ला! भाऊ, माझ्या म्हातारबाले काय केलं?"

"कीड काढली ना!"

"कीड नोहे ती! केस होते त्याचे! त्या निवडुंगाची जातच तशी! उन्हापासून वाचवतेत ते केस त्याले. बोटाएवढा होता, तवापासून वाढवला होता मी!"

तरी तोंडातून निघालंच, "अन् ते पिठासारखं पान...?"

"तेही पुसलं? ते पीठ त्याच्या अंगचंच असते, भाऊ!"

अन् धाय मोकलून रडल्या. मागून नवरी घाबरून विचारते, "आपा, कोण गेलं?"

आता आमच्याकडचं ऊन म्हंजे दगडाले घाम फोडणारं. त्यात हा टकला! भाबी येईपर्यंत मी सुनीताची ओढणी त्याच्या डोक्यावर बांधून, वरून छत्री धरून गच्चीवर बसलो. गल्लीतले लोक खालून विचारत, "कोण पाहुणी आली, भाऊ?"

वाचला बरं तो! फक्त शेंड्यावर तेवढे चार केस फुटले. भाबीच्या घरचा माझा चहा मात्र बंद झाला.

मंग परवा त्या परत गावाले निघाल्या. गच्चीची किल्ली सुनीताच्या हातात दिली अन् माझ्यासमोरच म्हणाल्या, "बाई, झाडाईले कीड लागली तं लागू दे. पण भाऊले जिना चढू देऊ नको!"