शटर कोण उघडणार?

आमच्या घरात देवभोळा माणूस एकच, माझा नवरा. आणि त्याचा देवही एकच, कांजूरमार्गच्या आमच्या गाळ्याचं शटर. पुठ्ठ्याचे खोके बनवायचा छोटा कारखाना आहे आमचा. मिठाईचे, साड्यांचे, चपलांचे, जे म्हणाल ते. सकाळी नऊला तिथलं कुलूप मालकाच्याच हातानं उघडलं पाहिजे, मशीनला उदबत्तीही त्यानंच ओवाळली पाहिजे, तरच लक्ष्मी टिकते, असं सासरे सांगून गेले होते. अंगात ताप असला तरी हा मुलुंडहून रिक्षा करून जायचा, शटर उघडायचा, परत यायचा आणि मग रीतसर आजारी पडायचा.

कामगार तोवर बाहेर पायरीवर बसलेले असायचे. एका पावसात रस्ते तुंबले, तेव्हा हा पोचेपर्यंत दुपार झाली. सगळे छत्र्या उघडून तिथेच बसून होते.

मग त्याचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर कामाचं नाव काढायचं नाही. घरी येऊन हा म्हणाला, "महिनाभर? वाट लागेल धंद्याची." मी काही आज ओळखत नाही त्याला. वाट लागेल ही त्याची भीती नव्हतीच. नाही लागली तर काय, ही होती. आपल्यावाचून सगळं सुरळीत चाललं तर आपण इतकी वर्षं तिथे नक्की केलं काय, हा प्रश्न त्याला पोखरत होता. तोंडानं कबूल करेल तर शपथ. मला त्याचा रागही येत होता आणि दयाही. शेवटी बॅगा मीच भरल्या. वेंगुर्ल्याला माझ्या थोरल्या नणंदेकडे जायचं ठरवलं.

शनिवारी संध्याकाळी त्यानं गाळ्यात सगळ्यांना उभं करून सूचना दिल्या. खोके चिकटवणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात जुन्या आमच्या मावशी. महिनाभर सगळं त्यांनी बघायचं आणि चावीही त्यांच्याकडे द्यायची, असं ठरलं होतं. गोंदाची बादली कुठे ठेवायची तेसुद्धा यानं त्यांना समजावलं. ती बादली रोज मावशीच ठेवत आल्यात. बिचाऱ्या मान डोलवत राहिल्या. मग सगळे बाहेर आले, यानं सवयीनं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि चावी स्वतःच्याच खिशात टाकली.

हे कळलं सोमवारी सकाळी, वेंगुर्ल्याच्या पडवीत. नऊ वाजले तसा यानं फोन शोधायला खिशात हात घातला आणि चावी बाहेर आली. चेहरा पांढराफटक. मावशींना फोन लावला, त्या उचलेनात. नणंद चहा घेऊन आली आणि म्हणाली, "रे मेल्या, हय येऊन पण तो फोनच घेऊन बसलस?" याला काही ऐकूच जात नव्हतं. लगेच मुंबईला परत निघायचं म्हणून उठला.

तेवढ्यात मावशींचाच फोन आला, तो यानं स्पीकरवर घेतला. मागे मशीनची धडधड ऐकू येत होती. मशीन चालू होतं, म्हणून फोनची रिंग ऐकू आली नव्हती.

नवरा हातातली चावी उलटसुलट करत होता, तेव्हा मीच विचारलं की शटर उघडलं कसं. मावशी म्हणाल्या, मागे कुलूप बदललं तेव्हा शेठनीच एक जादा चावी सांभाळायला दिली होती, तेव्हापासून घरी खिळ्याला टांगलेली आहे. हा ते साफ विसरला होता.

"मग मावशी, त्या पावसात तुम्ही बाहेर का बसून राहिलात?"

"शेठ येणार होते ना, वहिनी. ते येणार असले की आम्ही नाही उघडत."

नवऱ्यानं फोन ठेवला आणि दोन दिवस पडवीत नुसत्या येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी जेवून झोपला तो दिवेलागणीलाच उठला. मग मात्र सुधारला. बहिणीबरोबर बाजारात जाऊन बांगड्यांवरून घासाघीस करू लागला, आणि चालताना माझ्यासाठी थांबू लागला. नवीन लग्न झालं होतं तेव्हा थांबायचा, तसा. फोन कुठे ठेवलाय ते मलाच विचारायचा.

महिना संपला. कामावर जायच्या दिवशी मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेले. वाटेत म्हणाला, "आता मी गेलो काय, नाही गेलो काय." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

आम्हाला जायला साडेनऊ झाले. शटर बंद होतं. सगळे पायरीवर बसलेले, मावशी मधोमध, आणि त्यांची ती चावी मांडीवरच्या पर्सच्या बंदाला बांधलेली.

नवरा त्या चावीकडे बघत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि मी ते बघितलं हे त्यालाही कळलं. कुलूप उघडायला पुढे जाईल असं मला वाटलं होतं. त्याऐवजी मावशींनी सरकून जागा केली आणि हा त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. इतक्या वर्षांत त्या पायरीवर तो पहिल्यांदाच बसत होता.

"जरा बसू," तो म्हणाला, "चहा सांगा सगळ्यांना."